नॉर्दर्न लाइट्ससाठी कॅमेरा: आधी लेन्स, मग बॉडी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याच्या एक ताई आणि त्यांचे यजमान फेब्रुवारीत पाच रात्रींसाठी नॉर्वेतल्या ट्रोम्सोला नॉर्दर्न लाइट्स, म्हणजेच अरोरा, उत्तरेकडच्या आकाशात रात्री दिसणारा रंगीत प्रकाश, टिपायला निघाले आहेत. हाताशी कॅनन १५००डी आहे आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ ची किट लेन्स. दीड लाखापर्यंत खर्च करायची तयारी आहे. दुकानदार म्हणतो, बजेट थोडं ताणा आणि ४५ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, कॅमेरा घ्या. भाऊ म्हणतो, आता फोनमध्येच सगळं होतं, काही घेऊ नका. मग घ्यायचं काय?

ताई, आधी माझं उत्तर सांगतो. दुकानदाराचं ऐकू नका, भावाचं अर्धंच ऐका. पहिला पैसा लेन्सवर घाला. बॉडीचा, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याचा, विचार त्यानंतर करा, आणि ती विकत घेण्याऐवजी भाड्यानं मिळत असेल तर तीच वाट धरा. मी गेली दहाएक वर्षं हिवाळ्यात उत्तर नॉर्वेत जातो, आणि अलीकडे आपल्याकडच्या लोकांचे छोटे गट घेऊनही जातो. लाख-दोन लाखांच्या बॉडीवर एफ ४ ची, म्हणजे कमी प्रकाश घेणारी, झूम लावून आलेली माणसं रात्रभर धडपडताना मी पाहिली आहेत. शेजारी जुन्या क्रॉप सेन्सर, म्हणजे लहान सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर एफ १.४ ची लेन्स लावलेला कॉलेजातला मुलगा त्यांच्याहून देखणे फोटो घेऊन परतला, हेही पाहिलं आहे.

असं का होतं, ते नीट समजून घ्या. एकदा ते कळलं की खरेदीचा निर्णय तुमचा तुम्हाला घेता येईल.

अरोरा अंधुक असतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तो हलतो, हे मात्र तिथं जाईपर्यंत कुणाच्या ध्यानात येत नाही. आकाशगंगेचा फोटो काढताना समोरचं दृश्य तुमच्यासाठी थांबलेलं असतं. वीस सेकंद शटर उघडं ठेवलं तरी चालतं. अरोरा शांत असेल तेव्हा तोही असाच असतो, उत्तरेकडे क्षितिजालगत हिरवट पट्टा, ढगासारखा, तासभर जागचा हलत नाही. मग अचानक त्याला जाग येते. पट्टा वर सरकतो, त्याला घड्या पडतात, पडदा वाऱ्यावर हलावा तसा तो सळसळतो, खालच्या काठाला गुलाबी झालर येते आणि ती झालर आकाशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत जाते. कधी तो नेमका डोक्यावर येतो आणि सगळ्या बाजूंनी किरण खाली उतरल्यासारखे दिसतात. हा खेळ कधी दोन मिनिटं चालतो, कधी दहा. तुम्ही ज्यासाठी एवढ्या लांब जाता, ते हेच.

या वेळी दहा सेकंद शटर उघडं ठेवलं, तर त्या सगळ्या घड्या एकमेकींत मिसळतात. फोटोत हिरवा लगदा उरतो. पडदा पडद्यासारखा दिसायला हवा असेल तर दोन-तीन सेकंदांत काम उरकावं लागतं, जोरात असेल तर एका सेकंदात. म्हणजे तुम्हाला कमी वेळात जास्त प्रकाश गोळा करायचा आहे.

कोकणात पागोळ्यांखाली भांडी ठेवतात, ते डोळ्यांसमोर आणा. पाऊस दिवसभर लागून राहिला असेल तर तांब्या ठेवला तरी भरतो. पण सर येऊन दोन मिनिटांत निघून जाणार असेल, तर तोंड रुंद असलेलं पातेलंच हवं. लेन्सचं अ‍ॅपर्चर हे त्या पातेल्याचं तोंड. एफचा आकडा जेवढा लहान, तेवढं तोंड मोठं.

आता हिशेब मांडू. तुमची किट लेन्स १८ एमएमवर (एमएमचा आकडा लहान तेवढं दृश्य रुंद) एफ ३.५ पर्यंतच उघडते. तिच्या तुलनेत एफ २.८ ची लेन्स सेन्सरवर साधारण दीडपट प्रकाश टाकते, एफ २ ची तिप्पट, एफ १.८ ची पावणेचारपट आणि एफ १.४ ची सहापटीहून थोडा जास्त. समजा एफ १.८ ला, आयएसओ (मिळालेला प्रकाश कॅमेरा किती उजळून दाखवतो तो आकडा) १६०० ला, एखाद्या चांगल्या अरोरासाठी दोन सेकंद पुरतात. तोच फोटो किट लेन्सनं घ्यायचा तर साडेसात सेकंद लागतील, आणि तोवर घड्या मिटलेल्या असतील. दोनच सेकंदांत उरकायचं म्हटलं तर आयएसओ ६००० च्या पुढे न्यावा लागेल. तुमच्या कॅमेऱ्याचा नेहमीचा आयएसओ ६४०० ला संपतो, आणि तिथं त्याची सावलीतली जागा रवाळ, ठिपकेदार होते.

फुल फ्रेमचा फायदा खरा आहे, तो मी नाकारत नाही. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. कॅननचा क्रॉप सेन्सर साधारण २२.३ बाय १४.९, म्हणजे ३३२ च्या आसपास. एवढ्या मोठ्या जागेवर तेवढ्याच एफच्या लेन्सनं अडीचपटीहून थोडा जास्त प्रकाश गोळा होतो. पण एफ २.८ वरून एफ १.४ ला गेलात तर प्रकाश चौपट होतो. म्हणूनच क्रॉप सेन्सरवरची एफ १.४ लेन्स ही फुल फ्रेमवरच्या एफ २.८ झूमपेक्षा अंधारात सरस ठरते. दुकानात हे कुणी सांगत नाही, कारण तिथं बॉडीचीच भाषा चालते.

शंभर वर्षांपूर्वीही गाडी इथंच अडली होती. अरोराचे पहिले फोटो १८९२ मध्ये उत्तर नॉर्वेतल्या आल्टाजवळच्या बोसेकोप इथं मार्टिन ब्रेंडेल या जर्मन माणसानं घेतले. ते पुसट होते, काचेवरच्या रसायनाला तेवढा वेगच नव्हता. पुढे १९१० च्या सुमारास कार्ल स्टॉर्मर हा नॉर्वेजियन गणिती त्याच बोसेकोपला गेला. ओले अँड्रियास क्रॉग्नेस या सहकाऱ्याच्या मदतीनं त्यानं खास अरोरासाठी कॅमेरा तयार केला होता, आणि त्याचा जीव होता सिनेमाच्या कॅमेऱ्यासाठी बनलेली वेगवान लेन्स. त्या लेन्सनं काही सेकंदांत फोटो येऊ लागले. मग स्टॉर्मरनं एकमेकांपासून काही किलोमीटरवर दोन कॅमेरे ठेवले, टेलिफोनवरून इशारा देऊन दोन्हीकडे एकाच क्षणी फोटो घेतले आणि मागच्या ताऱ्यांच्या आधारे अरोराची उंची मोजली. पडद्याचा खालचा काठ जमिनीपासून सुमारे १०० किलोमीटरवर असतो, हे ज्ञान अशा जोड-फोटोंमधून पक्कं झालं. मला ही गोष्ट फार आवडते. त्यांनाही लेन्सनंच तारलं.

तर आता तुमच्या १५००डीला काय बसेल ते पाहू. क्रॉप सेन्सरच्या डीएसएलआरसाठी (आत आरसा असलेला कॅमेरा, तुमचा तसाच आहे) सम्यांगची १६ एमएम एफ २ आहे. पूर्ण हातानं फोकस करायची लेन्स, पण अरोरासाठी तेच हवं असतं. टोकिनाची ११-१६ एफ २.८ जास्त रुंद दृश्य घेते, पण उजेड थोडा कमी. सिग्माची १८-३५ एफ १.८ प्रकाशात उत्तम, वजनाला जड, आणि १८ एमएम ही क्रॉपवर थोडी अरुंद पडते, अरोरा डोक्यावर आला की चौकटीत मावत नाही. यांपैकी एकच सांगा म्हणालात तर मी सम्यांग १६ सांगेन. आता या लेन्स दुकानात नव्या मिळतीलच असं नाही, पण वापरलेल्या मिळतात, आणि हातानं फोकस करायच्या लेन्समध्ये बिघडण्यासारखं फार काही नसतं. ५० एमएम एफ १.८ स्वस्त आहे म्हणून तिच्या मोहात पडू नका. क्रॉपवर ती इतकी जवळचं दाखवते की एखादी घडी मिळेल, आकाश मिळणार नाही.

एवढं केलंत तर तुमचा खर्च बजेटच्या बराच आत राहील आणि किट लेन्सच्या तिप्पट उजेड पदरी पडेल. माझ्या मते तुमच्यासाठी हाच पहिला पर्याय.

पण तुमच्या कॅमेऱ्याची एक खोट सांगितलीच पाहिजे. १५००डीचा मागचा पडदा पक्का बसवलेला आहे, तो बाहेर येऊन वळत नाही. कॅमेरा आकाशाकडे रोखला की तो पडदा जमिनीकडे तोंड करतो. तो बघायला तुम्हाला बर्फात गुडघे टेकून मान वर वळवावी लागेल, पाच रात्री, दर वेळी. ऐकायला हे क्षुल्लक वाटतं. उणे पंधरात दोन तास काढल्यावर ते क्षुल्लक राहत नाही, आणि माणूस फोकस तपासायचा कंटाळा करू लागतो. नवीन बॉडी घ्यायचीच असेल तर वळणारा पडदा ही माझी पहिली अट आहे, मेगापिक्सेल नव्हे.

मेगापिक्सेलबद्दल दुकानदाराचा मुद्दा इथंच निकालात काढतो. ४५ मेगापिक्सेलचा कॅमेरा अंधारात वाईट असतो असं नाही. तोच फोटो सारख्याच आकारात छापला तर २४ वाल्याच्या आणि त्याच्या नॉइजमध्ये, म्हणजे रवाळपणात, एकोणीस-वीसचाच फरक दिसतो. पण अरोरासाठी त्या जादा पिक्सेलचा उपयोग काय? अरोराच्या पडद्याला तेवढे बारीक तपशील नसतातच. उलट फाइली जड होतात, कार्ड लवकर भरतं, आणि तारे जरा सरकले तरी लगेच दिसून येतं. २० ते २४ मेगापिक्सेल हे या कामाला अगदी योग्य माप आहे.

बॉडी घ्यायचीच ठरली तर मी काय बघेन? निकॉन झेड ५ किंवा झेड ६ मार्क २, सोबत २० एमएम एफ १.८. सोनी ए७ मार्क ३, त्यालाही २० एमएम एफ १.८ आहे, नाहीतर टॅमरॉनची १७-२८ एफ २.८. हे तिन्ही कॅमेरे २४ मेगापिक्सेलचे, पडदा वर-खाली झुकतो, बॅटरी भरवशाची. कॅननमध्ये आर८ चा सेन्सर अंधारात फार चांगला, पडदाही हवा तसा वळतो, आणि सोबतची १६ एमएम एफ २.८ खिशात मावेल एवढी हलकी आणि फुल फ्रेमच्या मानानं स्वस्त. पण आर८ ची बॅटरी लहान आहे, १०४० एमएएचची. सोनीच्या ए७ मार्क ३ मध्ये २२८० एमएएचची बसते. थंडीत हा फरक जाणवतो. आर८ घेणार असाल तर चार बॅटऱ्यांची तयारी ठेवा.

आणखी एक पर्याय आहे, तो हल्ली कुणी सुचवत नाही. निकॉन डी७५० हा २०१४ चा फुल फ्रेम डीएसएलआर, पडदा झुकतो, बॅटरी दणकट. वापरलेला मिळाला आणि शटर फार चाललेलं नसेल तर तो आणि सम्यांगची १४ एमएम एफ २.८ ही जोडी आजही अरोरासमोर मान खाली घालत नाही. मिररलेसच्या, म्हणजे बिनआरशाच्या कॅमेऱ्यांच्या, धामधुमीत लोक आपले चांगले डीएसएलआर विकून टाकत आहेत, आणि तुमच्यासारख्यांचा त्यात फायदा आहे.

क्रॉप सेन्सरच्या मिररलेसवर जायचं असेल, म्हणजे सोनी ए६००० च्या घरातले, फुजीचे किंवा निकॉन झेड ५०, तर सिग्माची १६ एमएम एफ १.४ डोळे झाकून घ्या. अरोरासाठी एवढ्या पैशात याहून चांगला सौदा मला ठाऊक नाही.

भाड्याचं म्हणाल तर पुण्या-मुंबईत फुल फ्रेम बॉडी आणि वेगवान लेन्स दोन्ही भाड्यानं मिळतात. पाच रात्रींसाठी लाखभर रुपये घालून वर्षभर कपाटात ठेवण्यापेक्षा मला हे शहाणपणाचं वाटतं. फक्त निघण्याच्या आदल्या दिवशी कॅमेरा हातात घेऊ नका. निदान एक शनिवार-रविवार आधी तो सरावासाठी आणा. भाड्याची लेन्स बऱ्याच हातांतून गेलेली असते, क्वचित आदळलेलीही असते. ताऱ्यांचा एक फोटो घ्या, चारही कोपरे मोठे करून बघा. एका कोपऱ्यातले तारे टिंबासारखे आणि समोरच्या कोपऱ्यातले शेपटीवाले असतील तर लेन्स वाकडी बसली आहे, ती परत करा.

आता दुकानातली परीक्षा. तिथं जाताना थंडीचे जाड हातमोजे घेऊन जा. ते घाला, डोळे मिटा, आणि आयएसओ, शटरचा वेळ आणि अ‍ॅपर्चर बदलून बघा. बोटांना चाकं आणि बटणं सापडली पाहिजेत. टचस्क्रीनवर सगळं करायचा कॅमेरा हातमोज्यात निरुपयोगी ठरतो, आणि बोटं उघडी टाकलीत तर तीन-चार मिनिटांत ती बधिर होतात. दोन फिरती चाकं असलेल्या बॉडीला मी यासाठीच जास्त गुण देतो. पाहणारे हसतील, हसू द्या.

माझ्या पहिल्या फेरीची एक गोष्ट सांगतो, कारण तीतून मी सगळ्यात जास्त शिकलो. ट्रोम्सोजवळच्या क्वालोया बेटावर, एर्सफ्योर्डबोत्न या गावाच्या किनाऱ्यावर उभा होतो. समोर फ्योर्डचं, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीचं, काळं पाणी, दोन्ही बाजूंना बर्फाचे सुळके, आणि रात्री अकराच्या सुमारास आकाश पेटलं. तासभर फोटो घेत होतो. मागच्या पडद्यावर सगळं लख्ख दिसत होतं. हॉटेलवर येऊन लॅपटॉपवर उघडले तर एकही तारा टिंबासारखा नव्हता, सगळे फुगलेले. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबून फोकस लावला होता आणि ती खूण बरोबर नव्हती. वर छायाचित्रांच्या मध्यभागी एकात एक अशी फिकट वर्तुळं उमटली होती, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी. त्या रात्रीचा एकही फोटो मला भिंतीवर लावता आला नाही. त्याचं वाईट अजून वाटतं.

वर्तुळांचं कारण मला नंतर कळलं. लेन्सच्या संरक्षणासाठी आपण यूव्ही फिल्टर लावून ठेवतो ना, तो काढायचा राहिला होता. अरोराचा हिरवा रंग उंचावरच्या ऑक्सिजनच्या अणूंमधून येतो आणि त्याची तरंगलांबी जवळपास एकच असते, ५५७.७ नॅनोमीटर. असा एकाच लांबीचा प्रकाश फिल्टरच्या सपाट काचेच्या दोन पृष्ठांवरून परावर्तित झाला की लाटा एकमेकींना मिळतात आणि ती वर्तुळं तयार होतात. दिवसाच्या मिश्र उजेडात हे होत नाही, म्हणून कुणाला संशयही येत नाही. तर फिल्टर घरीच काढून ठेवा. अरोरासाठी खास फिल्टर म्हणून कुणी काही विकायला आलं तरी घेऊ नका.

फोकसचा उपाय सोपा आहे, पण सराव लागतो. लेन्स मॅन्युअलवर टाका, मागच्या पडद्यावर एखादा ठळक तारा धरा, तो दहापट मोठा करा आणि फोकसची कडी अगदी सावकाश फिरवत तो बारीकात बारीक टिंब होईल तिथं थांबा. मग कडीवर चिकटपट्टी लावा. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत हा सराव व्याधावर करा, मृगाच्या खालच्या बाजूला तो चटकन सापडतो. ट्रोम्सोत मात्र व्याधावर भरवसा ठेवू नका. ते गाव ६९.६ अंश उत्तरेला, तिथं व्याध क्षितिजापासून जेमतेम चार अंश वर येतो आणि डोंगरांआडच राहतो. तिथं ब्रह्महृदय (कॅपेला) हा तारा धरा, फेब्रुवारीच्या संध्याकाळी तो खूप उंच असतो. ध्रुवतारासुद्धा तिथं आपल्यासारखा क्षितिजाजवळ नसतो, मान वर करून बघावा लागतो. पहिल्यांदा पाहताना मला आपण किती लांब आलो आहोत याची खरी जाणीव त्यानंच करून दिली.

मिररलेस कॅमेऱ्यांच्या नव्या लेन्समध्ये एक अडचण असते. कडी थेट काचेला जोडलेली नसते, मोटर काच हलवते. कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू केला की काहींचा फोकस जागेवरून जातो. काही कॅमेऱ्यांत फोकसची जागा लक्षात ठेवण्याची सोय असते, ती आधीच चालू करून ठेवा. नसेल तर बॅटरी बदलली की फोकस पुन्हा लावा, न चुकता. जुन्या पद्धतीच्या हातानं फिरवायच्या लेन्सवर माझं प्रेम आहे, त्याचं हे एक कारण.

आकड्यांची सुरुवात अशी करा. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं. मंद पट्टा असेल तर आयएसओ १६०० ते ३२००, आठ-दहा सेकंद. हालचाल सुरू झाली की वेळ पटापट खाली आणा, चार, दोन, एक. आयएसओ वाढला तर वाढू द्या. नॉइज नंतर बराच कमी करता येतो, पुसली गेलेली घडी परत आणता येत नाही. व्हाइट बॅलन्स ३५०० ते ४००० केल्व्हिनच्या आसपास ठेवा आणि फोटो रॉ मध्येच, म्हणजे कॅमेऱ्यानं संस्कार न केलेल्या कच्च्या फाइलमध्येच, घ्या. लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शनही बंद, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ अडकून राहतो आणि नेमका खेळ तेव्हाच होतो. शटर दोन सेकंदांच्या टायमरवर.

मागच्या पडद्यावरच्या उजेडावर विश्वास ठेवू नका. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना अंधुक फोटोही झगझगीत वाटतो. पडद्याचा उजेड कमी करा आणि हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या काळोख-उजेडाचा आलेख, बघायची सवय लावा. तो सगळा डाव्या भिंतीला चिकटला असेल तर फोटो काळा आहे, कितीही छान दिसला तरी.

थंडीचं थोडं सांगतो. ट्रोम्सो समुद्रकाठी आहे, उबदार सागरी प्रवाहामुळे तिथं फेब्रुवारीत पारा अनेकदा शून्याच्या जरासाच खाली असतो. पण किनाऱ्यावर ढग फार. ढग आले की गाइड मंडळी गाडी काढून आत जातात, स्किबोत्नच्या दिशेनं, नाहीतर सरळ सीमा ओलांडून फिनलंडच्या किल्पिसयार्वीकडे. तिथं आकाश मोकळं मिळण्याची शक्यता जास्त, पण पारा उणे वीस किंवा त्याहूनही खाली जातो. त्या थंडीत लिथियम बॅटरी निम्म्यावर येते. निदान तीन बॅटऱ्या हव्यात, आणि कॅमेऱ्याबाहेरच्या दोन्ही आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. मेली असं वाटलेली बॅटरी अर्धा तास खिशात ठेवा, ती पुन्हा थोडी चालते. जादा बॅटऱ्या आणि पॉवर बँक विमानात हातातल्या सामानातच न्याव्या लागतात, मोठ्या बॅगेत टाकू नका.

लेन्सवर दव धरलं तर तोंडानं फुंकर मारू नका. श्वासातली वाफ काचेवर गोठते आणि मग ती पुसून निघत नाही. पॉवर बँकेवर चालणारी लेन्स गरम ठेवायची पट्टी मिळते, नाहीतर हात शेकायची पाकिटं रबरानं लेन्सभोवती बांधा. परतताना कॅमेरा बाहेरच मोठ्या झिपच्या पिशवीत घालून तोंड बंद करा आणि खोलीत तसाच दोन-तीन तास राहू द्या. गार कॅमेरा उबदार खोलीत उघडा ठेवला तर आतपर्यंत पाणी धरतो. त्या रात्रीचे फोटो लगेच बघायचे असतील तर कार्ड बाहेर असतानाच काढून घ्या.

ट्रायपॉडवर काटकसर करू नका. हलका, डगमगता ट्रायपॉड समुद्रावरच्या वाऱ्यात सगळ्या लेन्सवर पाणी फिरवतो. कार्बनचा असेल तर हाताला चटका कमी बसतो. अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर पायांवर सायकलच्या हँडलची फोमची पट्टी गुंडाळा. मधला दांडा वर काढू नका, आणि पाय बर्फात दाबून पक्के करूनच कॅमेरा चढवा.

आता भावाच्या मुद्द्याकडे येतो. फोन खरोखरच चांगले झाले आहेत. आयफोनचा नाइट मोड ट्रायपॉडवर ठेवला की ३० सेकंदांपर्यंत जातो, पिक्सेलमध्ये तारे टिपायचा वेगळा मोड आहे. संथ पट्ट्याचा फोटो त्यांत छान येतो, पाठवायला आणि पडद्यावर बघायला पुरेसा. पण अरोरा नाचू लागला की फोन स्वतःच वेळ ठरवतो, बऱ्याचदा जास्तच ठरवतो, आणि घड्या जातात. म्हणून फोनला एक साधा धारक आणि छोटा ट्रायपॉड जरूर घ्या आणि तो यजमानांच्या ताब्यात द्या. तुम्ही दोघं मिळून अरोरासमोर उभे असतानाचा फोटो त्यातच सहज येईल. तेवढा वेळ जागचे हलू नका.

रंगाबद्दल मनाची तयारी आधीच करून ठेवा. मंद अरोरा डोळ्यांना राखाडी ढगासारखा दिसतो, कॅमेऱ्यात मात्र तो हिरवा येतो. माझ्या गटातले काही जण त्यानं हिरमुसतात. अंधुक उजेडात आपल्या डोळ्यांना रंग कळत नाही, एवढंच. जोरदार अरोरा डोळ्यांनाही हिरवा आणि गुलाबी दिसतो. लाल रंग त्याहून उंचावरून, दोनशे किलोमीटर आणि त्याच्या वरून येतो, म्हणून तो फार लांबून दिसतो. १० मे २०२४ च्या रात्री, २००३ नंतरचं पहिलं जी५ दर्जाचं, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीचं, सौरवादळ आलं, तेव्हा लडाखमधल्या हानले इथल्या कॅमेऱ्यांनीही उत्तरेकडची लाली टिपली होती. ताऱ्यांच्या फोटोंसाठी सेन्सरवरचा फिल्टर काढून खास बदललेले कॅमेरे असतात, त्यांची या लालीसाठी गरज नाही. साध्या कॅमेऱ्यात ती येते.

सराव मात्र घरूनच सुरू करा. अमावास्येच्या आसपास भंडारदऱ्याला किंवा राजमाचीला एक रात्र काढा. तुम्ही कधी जूनच्या तोंडावर काजव्यांचे फोटो घ्यायला तिकडे गेला असाल तर निम्मं काम झालेलं आहे. अंधारात ट्रायपॉड उभा करणं, हातानं फोकस लावणं, दिवा न लावता बटणं शोधणं, हे सगळं तिथं हातात बसतं. आणि चंद्राला घाबरू नका. अर्धा चंद्र असेल तर बर्फाचे डोंगर आणि फ्योर्ड उजळतात आणि फोटोला खालची जमीन मिळते. नुसत्या आकाशाचे फोटो चार झाल्यावर सारखेच दिसू लागतात.

एक कागदाचं काम राहिलं. महागडा कॅमेरा सोबत असेल तर जाताना विमानतळावर कस्टम्सकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, बॉडी आणि लेन्सचे सीरियल नंबर आधीच लिहून न्या. येताना ही वस्तू परदेशातून आणली का, असा प्रश्न आला तर तो कागद पुढे करता येतो. भाड्याचा कॅमेरा असेल तर दुकानाची पावतीही जवळ ठेवा.

पहिल्या सरावाच्या रात्री १६ एमएमनं व्याधाचा एक फोटो पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर घ्या, पाच सेकंद, आयएसओ १६००, आणि रॉ फाइल मला पाठवा. फोकस बरोबर लागला आहे का ते मी बघून सांगतो. तो जमला की बॉडी बदलायची का, हे आपण तो फोटो समोर ठेवूनच ठरवू.